उघड्या दाराची खोली : घरातले शास्त्रवाचन आणि १८९३ चा वाद

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती समाजाविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे ते बहुतांशी बाप्तिस्म्याभोवती फिरते. कोणी कोणत्या साली दीक्षा घेतली, कोणाच्या प्रभावाने घेतली, आप्तांनी काय केले, वर्तमानपत्रांनी काय लिहिले, याचे तपशील मुबलक सापडतात. पण बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधी. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे तो माणूस पहाटे उठून काय वाचतो, दिवेलागणीला घरात काय म्हटले जाते, शेजारी बसलेल्या मुलाला त्यातले किती कळते, हे प्रश्न धर्मांतराच्या इतिहासात क्वचितच विचारले जातात. वास्तविक श्रद्धेचे संगोपन होते ते तिथे. साहित्याच्या अभ्यासकांना तर या प्रश्नात दुहेरी रस वाटायला हवा, कारण रोज मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाची भाषा घराच्या बोलण्यात उतरत असते. ज्या घरात ज्ञानेश्वरीचे किंवा हरिविजयाचे नित्य वाचन झाले, त्या घराच्या मराठीविषयी हे वेगळे सांगायला नको.

कर्जत आणि खालापूर हे आमच्या परिसरातले दोन तालुके या इतिहासात येतात ते वाटेवरची ठिकाणे म्हणून. (मिशनच्या जुन्या लेखनात 'कर्जत' हे नाव दिसले की जरा थांबावे लागते, ते अनेकदा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत असते.) अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या खटपटीतून मराठी 'नवा करार' १८२६ मध्ये आणि संपूर्ण बायबल १८४७ मध्ये छापून निघाले. मुंबईत छापलेले पुस्तक पुण्याकडे न्यायचे तर बोरघाट चढणे आले. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, आगगाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचली, आणि पुढची सात वर्षे उतारूंना खोपोलीला उतरून पालखीने किंवा तट्टावरून खंडाळ्याला जावे लागे. १८६३ मध्ये कर्जतहून वर चढणारा लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई-पुण्यातले अंतर खऱ्या अर्थाने मिटले. १८९० च्या अखेरीस मुंबईतील एक लहानशी शाळा आपल्या विधवा विद्यार्थिनींसह पुण्यास हलली तेव्हा हा लोहमार्ग सत्तावीस वर्षांचा झाला होता. ती शाळा म्हणजे पंडिता रमाबाईंचे शारदासदन.

घरातल्या शास्त्रवाचनावरून मराठी समाजात जो सर्वांत मोठा वाद झाला तो या शारदासदनात, १८९३ मध्ये. तो नीट समजायचा तर रमाबाईंच्या लहानपणापर्यंत मागे जावे लागते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. त्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, पुढे मुलीला शिकवले. दिवसभराच्या कामात सवड मिळत नसे, म्हणून पहाटे पाखरे जागी होण्याआधी आई मुलीला उठवी आणि पाठ देई. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवत मुखोद्गत झाले होते. पुढे हे कुटुंब तीर्थाटन करीत पुराणे सांगत फिरले; मंदिराच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून संस्कृत पोथी वाचायची, ऐकणाऱ्यांनी फुले, पैसा, धान्य ठेवायचे. आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी या पुराणवाचनाविषयी एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. श्रोत्यांना संस्कृत कळत नसे आणि ते कळावे अशी कोणाची अपेक्षाही नसे. श्रवणाने पुण्य मिळते, वाचणाऱ्याला दक्षिणा मिळते, अर्थाचा प्रश्न उद्भवत नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडील गेले, तेव्हा या व्यवस्थेवरचा तिचा विश्वासही डळमळला होता.

आमच्या मते रमाबाईंच्या पुढील सर्व धर्मजीवनाचा धागा या दोन अनुभवांत आहे. पहाटेच्या अंधारात आईच्या तोंडून मिळालेला पाठ त्यांनी कधी टाकला नाही. न समजता ऐकण्याचा पुण्यसंचय मात्र त्यांना कायमचा नकोसा झाला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी जी रोजची वाचन-प्रार्थना चालवली ती इंग्लंडातून आणलेली रीत होती असे मानले जाते. बाह्य रूप तिथले असेल. सवय डोंगऱ्यांच्या घरातली होती.

बायबल त्यांच्या हाती पहिल्यांदा आले ते कलकत्त्यात, १८७८ मध्ये, आणि तेही संस्कृतात. गंमत अशी की हे संस्कृत त्या पंडितेला अनोळखी वाटले, त्यातून काही हाती लागले नाही. पुढे विवाहानंतर आसामात सिल्चर येथे पती बिपिनबिहारी दास यांच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. ती त्यांनी वाचली, आणि वाचताना त्यांना ती आवडली. तिथल्या एका बाप्तिस्त मिशनऱ्याकडून त्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या कथा समजावून घेऊ लागल्या, तेव्हा पतीला ते रुचले नाही. पत्नीने घरात काय वाचावे, हा प्रश्न म्हणजे त्यांच्यापुढे विवाहाच्या दुसऱ्या वर्षीच उभा राहिला होता. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू वारले; मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. यानंतरचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध केला. आत्मचरित्र आणि पत्रवाङ्मय शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी वाचावा असे आम्हांस वाटते. रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्यातल्या या पत्रांत तत्त्वचर्चा खूप आहे. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, बिशपची आज्ञा, या सर्वांवर रमाबाई हट्टाने प्रश्न विचारतात. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, संस्कृतात का नकोत, हेही विचारतात. परंतु पत्रे सलग वाचली तर लक्षात येते की भांडणाचा गाभा मनोरमा आहे. या मुलीला रोज काय शिकवायचे आणि ते कोणी ठरवायचे? भगिनींच्या दृष्टीने बाप्तिस्मा झालेले मूल चर्चचे. त्याच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी चर्चची. रमाबाईंच्या दृष्टीने मूल आईचे, आणि आईला स्वतःला जे पटलेले नाही ते तिच्या लेकीच्या तोंडी घालण्याचा कोणालाही हक्क नाही. शास्त्र स्वतः वाचून, स्वतःच्या बुद्धीने समजून घ्यायचे, हा प्रॉटेस्टंट पंथाचाच दावा त्या प्रॉटेस्टंट आश्रमासमोर मांडत होत्या. सिस्टर जेराल्डिनला त्यात अहंकार दिसला. आपल्याला आज त्यात पहाटे पाठ घेणारी आई दिसते.

अमेरिकेतून मदत उभी करून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते आणि अट स्पष्ट होती : संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही. मुलींना आपापले आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नातू यांचा मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. 'माझे पुराण' या त्यांच्या आत्मकथनातून सदनातल्या दिवसांची आठवण आपल्यापर्यंत आली आहे. थोडक्यात, १८९३ च्या वसंतापर्यंत संस्था जे करण्यासाठी निघाली होती ते करू लागली होती.

या अवधीत रमाबाईंच्या अंतरंगात एक बदल झाला होता. बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मनिवेदन त्यांच्या वाचनात आले आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. तोवर बुद्धीने तपासलेली श्रद्धा आता रोजच्या प्रार्थनेची झाली. त्या आपल्या खोलीत लेकीला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे.

या उघड्या दाराने पुणे पेटले. सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. कोणाला बोलावले नव्हते, कोणाला अडवलेही नाही. पालकांकडे बातमी गेली, 'केसरी'ने शारदासदनावरचे आपले जुने आरोप अधिक तीव्र केले, आणि ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे सरळ होते. मी माझ्या खोलीत माझ्या मुलीसह माझ्या देवाची प्रार्थना करते. सदनातली हिंदू मुलगी तुळशीला पाणी घालते तेव्हा मी तिला आडोसा करायला सांगत नाही, मग मी माझे दार का लावावे?

या वादाचे जे वर्णन सहसा केले जाते त्यात एकीकडे कर्मठ पुणे आणि दुसरीकडे एकटी विदुषी असे चित्र येते. ते अपुरे आहे. रानडे आणि भांडारकर कर्मठ नव्हते. दोघेही १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ. प्रार्थनेचे मोल त्यांना ठाऊक होते, तेही घरातल्या प्रार्थनेचे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) वाचणाऱ्यांना पहाटे जागे होऊन तुकोबांचे अभंग म्हणणारे, त्यात हरवून जाणारे न्यायमूर्ती आठवत असतील. म्हणजे त्याच पुण्यात, त्याच पहाटे, एका घरात अभंग चालले होते आणि दुसऱ्या घरात दाविदाची स्तोत्रे. आणि पहिल्या घराचा यजमान दुसऱ्या घराच्या उघड्या दारावर आक्षेप घेत होता. हा विरोधाभास नाट्यमय खरा, पण त्यांचा आक्षेप प्रार्थनेला नव्हता. विधवांचे शिक्षण हे कार्य पालकांच्या विश्वासाच्या एका बारीक धाग्यावर लोंबकळत होते आणि तो धागा तुटला तर नुकसान रमाबाईंचे नव्हे, पुढच्या शेकडो मुलींचे होणार होते. त्यांच्या या भीतीला आधार होता.

त्याहून अवघड प्रश्न स्वेच्छेचा. ज्या मुलीला जगात कोणी नाही, जिचे अन्न, वस्त्र, निवारा, अक्षरज्ञान आणि माया हे सारे एकाच व्यक्तीकडून येते, ती त्या व्यक्तीच्या खोलीत जाऊन बसते तेव्हा ती 'आपखुशीने' बसली असे म्हणायचे का? प्रेम हेही एक दडपण असते. रमाबाईंच्या चाहत्यांनी हा प्रश्न टाळला आहे. त्यांच्या टीकाकारांनी मात्र त्याची दुसरी बाजू टाळली : ज्या घरांतून या मुली आल्या होत्या तिथे त्यांना कशाविषयीच इच्छा विचारली गेली नव्हती, लग्नाविषयी नाही, केशवपनाविषयी नाही, पूजेविषयीही नाही. आत जावे की न जावे हे स्वतः ठरवायचे असा उंबरठा त्यांच्यातल्या कित्येकींना बहुधा प्रथमच भेटत होता. रमाबाईंनी दार लावले असते तर शाळा वाचली असती हे खरे. पण लेकीला रोज कडी लावून प्रार्थना करायला शिकवणे म्हणजे ही गोष्ट लपवण्याजोगी आहे असे शिकवणे. मनोरमा तेव्हा बारा वर्षांची होती. वाँटेजच्या भगिनींशी ज्या आईने लेकीच्या शिक्षणावरून इतकी वर्षे वाद घातला, ती पुण्याच्या सुधारकांसाठी दार लावील हे संभवनीय नव्हते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. खंडाळ्याच्या पुढे, लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामेळावे भरत. अशा एका मेळाव्यास रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या आणि या पंधरांचा वर्ग व्हावा, दोनशे पंचवीस व्हाव्यात, अशी त्यांनी तिथे प्रार्थना केली. हिशेबी स्वभाव प्रार्थनेतही सुटत नाही! थोड्याच काळात, १८९६-९७ च्या मध्य प्रांतातील दुष्काळाने शेकडो अनाथ मुली त्यांच्या पदरात टाकल्या, आणि दौंडजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. दार उघडे ठेवावे की लावावे हा प्रश्न तिथे उरला नाही. ती संस्था उघडपणे ख्रिस्ती होती.

प्रश्न उरला तो दुसरा, जुना : ऐकणाऱ्याला कळते का? केडगावात आलेल्या मुलींत शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या, वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या मुली होत्या. त्यांच्यापुढे रोज वाचले जाणारे मराठी बायबल हे गोऱ्या मिशनऱ्यांनी शास्त्री-पंडितांच्या मदतीने सिद्ध केलेले. त्यात एकीकडे संस्कृत शब्दांचा भार, दुसरीकडे 'मिशनरी मराठी' म्हणून ज्याची थट्टा होई ते परके वाक्यवळण. संस्कृत बायबल हातात धरून काही न कळलेली पंडिता आता त्या मुलींच्या जागी बसून ऐकत असावी. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून संपूर्ण बायबलचे स्वतः भाषांतर करायला घेतले. मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. अक्षरजुळणी आणि छपाई मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी केली. म्हणजे ज्यांच्यासाठी ग्रंथ सोपा करायचा त्यांच्याच हातांखालून त्याचे प्रत्येक अक्षर गेले. एकाच स्त्रीने मूळ भाषांतून एवढे काम पार पाडल्याची उदाहरणे जगातही फारशी नाहीत. तरीही मराठी गद्याच्या इतिहासाच्या आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याला एखादे वाक्य मिळाले तर मिळाले.

या भाषांतराची भाषा सरळ, बोलीला जवळची आहे; हिंदू धर्मकल्पनांचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. हा कटाक्ष आम्हांस काही ठिकाणी अतिरेकी वाटतो. शब्दशः निष्ठेपायी वाक्य अडखळते, आणि सोपेपणासाठी केलेले भाषांतर तिथे उलट अवघड होऊन बसते. याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक नेमके उलट करीत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या 'नव्या करारा'ने ज्यांची वाट बदलली, त्या टिळकांनी ख्रिस्ती घरांच्या सांजप्रार्थनेला अभंग, ओवी आणि पदे दिली. तुकोबांचा छंद त्यांना परका करावासा वाटला नाही. मराठी ख्रिस्ती घरांत पेटी-तबल्यावर जे म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते त्यातला मोठा भाग टिळकांचा आहे. कानाला जे रुळते ते घरात टिकते. या कसोटीवर टिळक रमाबाईंच्या पुढे गेले हे मान्य केले पाहिजे.

मात्र टिळकांच्याही घरात श्रद्धा वाचनाने वाटली गेली नाही. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्या आपले सोवळे सांभाळून होत्या. 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी वाचतो आणि शिकवतो, पण त्यातला जातिभेदाचा निरास होतो तो प्रसंग पुन्हा वाचून पाहावा. नवऱ्याने समजावल्याने किंवा शास्त्र वाचून दाखवल्याने ते घडत नाही. राहुरीस असताना त्या स्वतःशी विचार करीत बसतात आणि मनातली गाठ आपोआप सुटते. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या प्रार्थनेच्या खोलीबाहेर त्या पाच वर्षे राहिल्या आणि टिळकांनी, रागीट असूनही, ते चालवून घेतले.

पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात या कथेचे आणखी एक रूप दिसते, ते ओझरते का होईना नोंदवायला हवे. अलिबाग, पेण, पनवेलकडच्या बेने इस्राएल कुटुंबांना मिशनऱ्यांनी मराठीत 'जुना करार' दिला, शाळा काढल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. अपेक्षा ही की वाचून हे लोक ख्रिस्ती होतील. त्यांनी मन लावून वाचले, आणि बहुसंख्य कुटुंबे अधिक चांगली यहुदी झाली. घरात वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाचे काय होईल हे तो ग्रंथ देणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मनोरमाबाई आईच्या संस्थेचा भार वाहत होत्या. २४ जुलै १९२१ रोजी त्या वारल्या. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटच्या आजारात काम पुरे होण्यासाठी त्यांनी दहा दिवस मागून घेतले आणि दहाव्या दिवशी त्या गेल्या, असे मुक्तिसदनाच्या परंपरेत सांगतात. ५ एप्रिल १९२२ ही त्यांची पुण्यतिथी. बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. मराठी चर्चमध्ये आणि घरोघरी वाचनात राहिले ते बायबल सोसायटीचेच भाषांतर. रमाबाईंच्या प्रती पाहायच्या तर ग्रंथालये शोधावी लागतात. केडगावचे मुक्तिमिशन अजून चालू आहे.